मागचे लाल दिवे

"दाबा!" गाडीच्या पोटाखालून आवाज आला.

आईने ब्रेकचं पेडल दाबलं. ते थोडं खाली गेलं आणि भिंतीला टेकल्यासारखं घट्ट थांबलं.

"सोडा. परत दाबा. आता दाबून धरा."

आईने सगळं अंग पायात आणून दाबून धरलं. खालचा ओठ दातांत गेला, बांगड्या स्टिअरिंगवर किणकिणल्या. मनातल्या मनात ती पेडलला विनवत होती. बूड रे बाबा. त्या दिवशी बुडालास तसा आज एकदा सगळ्यांसमोर बूड. पण पेडल पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या द्वाड पोरासारखं जागच्या जागी उभं राहिलं.

चाकं लावलेल्या फळीवर उताणी पडलेली फोरमनबाई गाडीखालून सरकत बाहेर आली. कपाळावर ग्रीसचं बोट ओढलेलं, दातांत छोटा टॉर्च. टॉर्च काढून ती म्हणाली, "मावशी, गाडी ठणठणीत आहे."

"ठणठणीत गाडी मातीच्या ढिगावर चढते होय गं?"

"ऑइल गळत नाही, नळ्या नव्या कोऱ्या, आत हवा धरलेली नाही. सगळं उघडून बघितलं, सगळं जोडून बघितलं. आता मी तरी काय शोधू?"

वर्कशॉपच्या दाराशी लेक हाताची घडी घालून उभी होती. जनावरांची डॉक्टर. तिचे रोगी राहायचे डोंगरावरच्या वस्त्यांवर, जिथे डांबरी रस्ता दमून बसतो आणि पुढे नुसते दगड चालू लागतात. म्हणून तर ही उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतलेली. गाडी येणार म्हटल्यावर चालवणार कोण, असा विषय घरात निघाला, तेव्हा आईने गळ्यातली मापाची टेप काढून खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "मी." सगळे हसले. आईही हसली. पण हसता हसता गाडी शिकली, परीक्षा दिली, लायसन्स घेऊन घरी आली. जन्मभर तिने गावाला जाणाऱ्यांचे कपडे शिवले होते. जाणाऱ्यांत स्वतः ती कधीच नव्हती.

आणि मग तो दिवस. पहिल्यांदा वरच्या वस्तीवर गेल्या, काम झालं, खाली उतरू लागल्या. शेवटच्या वळणाआधी आईने ब्रेक दाबला, तो लोण्यात सुरी जावी तसा पार तळाला गेला. आईने हँडब्रेक ओढला, गाडी रस्त्याकडेच्या मातीवर घातली. कुणाला खरचटलंही नाही. एक मडगार्ड चेपलं, लसींचा डबा उपडा झाला, एवढंच. पाणी पिऊन, धापा शांत झाल्यावर आईने पुन्हा पाय ठेवून पाहिला, तर ब्रेक जागेवर. जणू काही झालंच नव्हतं.

"आई," लेक आता पुढे आली, "घाबरून पाय चुकला असेल. होतं असं."

"माझा पाय?" आई गाडीतून खाली उतरली, साडीच्या निऱ्या झटकल्या. "ह्या पायांनी जन्मभर मशीन चालवली. एक टाका वाकडा दाखव."

"टाका वेगळा, डोंगर वेगळा. उद्यापासून लसीकरण सुरू होतंय. आज कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मी ड्रायव्हर ठेवणार. तू शेजारी बस, हवं तर."

'हवं तर' हे शब्द आईला सुईसारखे टोचले. ती गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा.

"एक मात्र आहे," फोरमनबाई हात पुसत म्हणाली. "पॅड फार झिजलेत. चकाकतायत नुसते. नव्या गाडीचे एवढ्यात असे होत नाहीत. मावशी, खरं सांगा, चालवताना उगाच ब्रेकवर पाय ठेवता?"

"शपथ! माझा उजवा पाय एकतर ब्रेकवर, नाहीतर त्या दुसऱ्यावर. अधेमध्ये लोंबकळत नाही."

ती खरं बोलत होती. फोरमनबाईला ते पटलं, म्हणूनच तिचा चेहरा अधिक कोड्यात पडला. तिने घटकाभर गाडीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि एकदम खुंटीवरची चावी उचलली.

"चला. इथे उभं राहून ती बोलायची नाही. तिला उतारावरच बोलती करू."

आईच्या डोळ्यांत दिवा लागला.

---

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीचा रस्ता फोरमनबाईच्या ओळखीचा होता. लांबलचक, वळणावळणाचा उतार, आणि तो संपतो तिथे समोर तसाच चढ. ब्रेक गेलाच तर गाडी चढावर जाऊन आपली आपण थांबणार. शिवाय हँडब्रेकवर फोरमनबाईचा हात. औषधांचे डबे त्या दिवशीसारखेच मागे भरले.

"तुम्ही खाली थांबा डॉक्टर," फोरमनबाई लेकीला म्हणाली.

"त्या दिवशी मी होते ना? मग सगळं तसंच पाहिजे. मलाही वजनात धरा."

"वजन तर आहेच बाईचं," आई म्हणाली. "स्वभावात."

लेक मागच्या सीटवर बसली. खाणीच्या फाटकाशी वडील मोटरसायकलवर एक पाय टेकून उभे होते. गाडी आल्यापासून ते असेच मागे मागे यायचे. वस्तीवर गेल्या त्या दिवशीही आले होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझं त्या बाजूला काम होतं." डोंगरावर त्यांचं काय काम, हे अजून कुणाला कळलं नव्हतं.

आधी फोरमनबाईने स्वतः गाडी उतरवली. काही झालं नाही. वर आणली, पुन्हा उतरवली. ब्रेक लागत राहिला, ठासून.

मग आई बसली. पाठ ताठ, दोन्ही हात घट्ट, नजर नाकासमोर. शाळेतल्या तपासणीला बसलेल्या मुलीसारखी ती गाडी चालवत होती. डावा पाय सीटखाली ओढून घेतलेला. गाडी उतरली, चढली, थांबली. ब्रेक शाबूत.

"परत," आई म्हणाली.

परतही तेच.

लेकीने मागून हलकेच म्हटलं, "आई, नसेल गं गाडीत काही. जाऊ दे आता."

"जाऊ दे कसं?" आईचा आवाज चढला आणि तिथेच चिरला. "ब्रेक लागतोय म्हणून रडणारी मी पहिलीच बाई असेन जगात!"

फोरमनबाई हसली. हसता हसता थांबली. सीटवर वळून आईकडे तोंड करून बसली.

"मावशी, थांबा जरा. गाडी तीच, वजन तेच, उतार तसाच. मग त्या दिवशी वेगळं काय होतं? आठवा. काहीही सांगा. वेडगळ वाटलं तरी सांगा."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. खाणीच्या कडेला गवत वाऱ्याने एका अंगावर निजलं होतं.

"त्या दिवशी मी खुशीत होते," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"खुशीत म्हणजे?"

"म्हणजे ती गात होती," लेक मागून म्हणाली. "वरून निघाल्यापासून. घरी मशीनवर बसली की गायची ना, तसं."

फोरमनबाईने मांडीवर थाप मारली. "मग गा!"

"अगं, गा म्हटलं की गायला मी काय रेडिओ आहे? बटण पिळलं की सुरू?" आई लाजली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि गाण्याने कुठे ब्रेक जातो? बाकीच्यांच्या गाड्यांत दिवसभर गाणी चालू असतात, त्यांचे जातात का?"

"आपल्याला माहीत नाही ना? म्हणून तर बघायचं."

गाडी पुन्हा उताराच्या माथ्यावर आली. आईचे ओठ उघडले, मिटले. गाणं काही येईना. ओळखीचं मांजर परक्या माणसासमोर खाटेखाली दडून बसावं, तसं ते आत कुठेतरी बसून राहिलं.

तेव्हा मागून लेकीने सुरुवात केली. तिला गाता येत नसे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि तिलाही. पण तिने डोळे मिटून घेतले आणि ओढूनताणून पहिली ओळ म्हटली.

"डोंगराच्या कानी बाई, वारा सांगतो गुपित..."

"अगं अगं!" आईने मान हलवली. "गाभण म्हैस अडल्यासारखं काय ओढतेस! 'कानी'वर थांबायचं, मग 'बाई' हलकेच सोडायचं." आणि दुरुस्त करता करता तिच्याच गळ्यातून ते बाहेर आलं.

*डोंगराच्या कानी बाई, वारा सांगतो गुपित*
*लेक माझी हिंडे, जसं पान गं झुळुकीत*

गाडी उतरू लागली. आईची पाठ सैल झाली. खांदे खाली आले. सीटखाली ओढून घेतलेला पाय कधी पुढे सरकला, हे तिला कळलं नाही, आणि फोरमनबाईचं लक्ष रस्त्यावर होतं. वळणावर गाडी अलगद झुकली आणि गाणंही तिच्यासोबत झुकलं.

*दगडाच्या वाटेवर उमटेना गं पाऊल*
*लेक येण्याआधी येते हसण्याची चाहूल*

लेकीने डोळे उघडले. ही ओवी तिने लहानपणापासून ऐकली होती, मशीनच्या खडखडाटाआडून, शेजारच्या खोलीतून, अभ्यास करताना. त्यातली लेक आपण आहोत, हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं. ती पुढे वाकली आणि आईच्या सीटच्या पाठीला धरून बसली.

"वास!" आई गाणं तोडून ओरडली. "आला बघा वास! इस्त्रीखाली कापड करपल्याचा! त्या दिवशी हाच आला होता!"

"आला!" फोरमनबाईही ओरडली. "आता दाबा, दाबून बघा!"

आईने पेडल दाबलं. ते गेलं. खाली, अजून खाली, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखं बुडुक करून तळाला गेलं.

"गेला!" आईने आरोळी ठोकली. "गेला, गेला, गेला! बघितलंस? बघितलंस गं, बुडाला की नाही!"

"गेला!" लेक मागून ओरडली आणि मग आपण कशाला आनंदाने ओरडतोय हे ध्यानात येऊन तिने तोंडावर हात ठेवला.

फोरमनबाईने हँडब्रेक हळूहळू वर घेतला. उतार संपला, समोरचा चढ आला. गाडी त्यावर थोडी चढली, दमली आणि पोट भरलेल्या शेळीसारखी उभी राहिली. आतल्या तिघी हसत होत्या. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलं नाही. जिंकलेल्या माणसाला तेवढी मुभा असते.

"पाय हलवू नका," फोरमनबाई एकाएकी म्हणाली.

"आँ?"

"आहेत तिथेच ठेवा. मावशी, जरा खाली बघा."

आईने खाली पाहिलं. एकाच पेडलवर दोन पाय होते. उजवा होताच, त्याने आत्ता ब्रेक दाबला होता. पण त्याच्या शेजारी डावाही येऊन बसला होता. टाच टेकलेली, चवडा पेडलवर, अंगठा अजून हलकेच उठत होता, पडत होता. गाणं थांबलं होतं. पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

गाडीत क्लचचं पेडल नव्हतं, गिअर आपले आपण बदलायचे. डाव्या पायाला कामच नव्हतं. आणि जन्मभर शिलाई मशीनच्या पायडलवर जोडीने नाचलेल्या पायाला रिकामं बसणं ठाऊक नव्हतं. गाणं लागलं की तो आपल्या सोबत्याला शोधत यायचा आणि ताल धरायचा. दाबायचा, थोडा सैल सोडायचा, पुन्हा दाबायचा. पुरता उचलायचा मात्र कधीच नाही. उतारभर ब्रेक घासत राहायचा, तापायचा, आतलं ऑइल उकळायचं आणि पेडल रिकामं व्हायचं. मग गाडी थांबली, निवली, की सगळं जागच्या जागी. वर्कशॉपमध्ये सापडणार काय? तिथे आई गात नव्हती.

आई आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिली. आपल्याच घरात अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसं.

मोटरसायकल येऊन थांबली. वडिलांनी हेल्मेट काढलं. "काय झालं?"

"काका," फोरमनबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "तुम्ही मागे होता. गाडीचे मागचे लाल दिवे लागत होते का?"

"लागत होते की. लागायचे, विझायचे. लुकलुक चाललेली सारखी."

"आणि डोंगरावरून येताना, त्या दिवशी?"

"त्या दिवशीही तसंच."

लेक दार उघडून खाली उतरली. "बाबा! मग सांगायचं नाही?"

"मला वाटलं, नव्या गाड्यांत तसंच असतं." वडील ओशाळले. "शोभेला. आणि मला विचारलं कुणी?"

फोरमनबाईने कपाळावर हात मारला, तो ग्रीसच्या पट्ट्यावरच बसला. ती इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. वडीलही हसले, लेकही. आई मात्र उतरून गाडीपासून थोडी दूर गेली. चावी तिच्या मुठीत होती. हसणं ओसरलं तशी ती परत आली आणि चावी लेकीपुढे धरली.

"घे. ठेव ड्रायव्हर. तू म्हणत होतीस तेच निघालं. माझाच पाय चुकला."

लेकीने चावीकडे पाहिलं. ती घ्यायला हात पुढे केला नाही.

"मी म्हणत होते, घाबरून चुकला. घाबरून नाही चुकला."

"मग?"

"खुशीत चुकला." लेकीने आईची मूठ तिच्याकडेच ढकलली. "ड्रायव्हर काय करील? त्याला कुठे माझ्यावर ओव्या येतात?"

"अगं पण पाय? पायाचं काय करू? गाणं बंद करू?"

"गाणं कशाला बंद?" फोरमनबाई आत वाकली. ब्रेकच्या डावीकडे, अगदी कोपऱ्यात, पाय टेकायला एक तिरकी पट्टी होती. तिने तिच्यावर बोटांनी टकटक केलं. "हे बघा, रिकाम्या पायाची जागा ही. इथे नाचू दे त्याला हवा तेवढा. फक्त शेजार बदलायचा. त्याला सवय होईपर्यंत डॉक्टरांनी डोळा ठेवायचा. ऑइल नवं भरून देते, पॅडही बदलून देते. आणि मावशी, कारण सापडलं की अर्धी गाडी दुरुस्त झाली, असं समजायचं."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती तुम्ही करायची."

---

वर्कशॉपमधून ऑइल आणि पॅड बदलून निघाल्या, तेव्हा उन्हं कलली होती. आधी पुन्हा खाणीच्या उतारावर गेल्या. आई गायली, ठरवून, मोठ्याने, आणि डाव्या पायाने कोपऱ्यातल्या पट्टीवर ताल धरला. दोनदा तो चोरपावलांनी उजवीकडे निघाला, दोन्ही वेळा लेक खेकसली, "पाय!" आणि आई म्हणाली, "गेला का मेला? ये इकडे." खाली पोचल्यावर तिने ब्रेक दाबला. तो भिंतीसारखा घट्ट लागला. फोरमनबाईने अंगठा दाखवला आणि ती तिथूनच न्यायला आलेल्या वर्कशॉपच्या पोराच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेली.

"उद्या उन्हं चढायच्या आत निघू," लेक म्हणाली. पुढे, आईच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि पट्टा लावला.

घरचा रस्ता सरळ आणि रिकामा होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं. आईच्या गळ्यात ओवीवर ओवी येत होती. काही जुन्या, काही आत्ताच जुळत होत्या, चाकांच्या लयीत. कोपऱ्यात डावा पाय आपल्या नव्या जागी टकटक करत होता. एवढ्या मोठ्या गाडीला आपण उचलून नेतोय, असं तिला वाटत होतं.

मागून हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांब.

आईचं गाणं तुटलं. "काय झालं? लागले का दिवे?" तिने गाडी कडेला घेतली. ब्रेक लागला, नीट. मोटरसायकल मागे थांबली. वडील उतरले, हेल्मेट काखेत धरून चालत तिच्या खिडकीशी आले. आईने काच खाली केली.

"काय हो? दिवे लागतायत का परत?"

"नाही. एकदाही नाही लागले."

"मग? टायर बघा बरं..."

"टायर बरे आहेत."

"मग हॉर्न कशाला? जीव घाबरा केलात माझा."

वडील दारावरची धूळ बाहीने पुसू लागले. पुसून झाली, तरी पुसत राहिले.

"नाही, बरंच झालं सगळं," ते म्हणाले. "फक्त ती लुकलुक तुझ्या गाण्याचा ताल होता, हे आज कळलं आणि आजच ती गेली. मागून आता कळत नाही."

"काय कळत नाही?"

"कुठल्या ओवीवर आलीस ते."

लेक दुसऱ्या बाजूच्या रानाकडे बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मग तिने आपल्या बाजूची बटणं एकेक करून दाबली. लेकीच्या बाजूची काच खाली गेली, मागच्या दोन्ही गेल्या. वारा आत शिरला आणि औषधांच्या डब्यांवरचे कागद फडफडले.

"मागं मागं नका येऊ," ती म्हणाली. "रस्ता रिकामा आहे. बाजूनं चला."